मदत हवी आहे: समुपदेशक मुलाऐवजी आम्हालाच बोलावतात

समिधा_०७: शनिवारी जायचंय, त्याआधी उत्तर हवंय. मुलगा घरात बोलत नाही, क्लासहून आला की दार लावून घेतो. कुटुंब-समुपदेशकांकडे नेलं. त्याच्याशी जेमतेम २० मिनिटं बोलले आणि म्हणाले, पुढच्या वेळी आई-बाबा दोघं या. शिवाय १५ दिवस जेवताना अभ्यासाचं नाव काढायचं नाही. हे म्हणतात, "बिघडलंय त्याचं, मी कशाला रजा टाकू?" अशी पद्धत असते का? की दुसरं कोणी बघू?

देवराई: वय? कितवीत? कधीपासून?

गोदाकाठ: आधी मोबाईल काढून घ्या. आमच्या मुलीचा दहावीत काढला, आठ दिवस रडली, मग लागली अभ्यासाला.

देवराई: त्यांनी मोबाईलचा विषयच काढलेला नाही हो.

समिधा_०७: मोबाईल बटणांचा आहे. बारावी सायन्स, मेडिकलच्या नीट परीक्षेची तयारी. जूनपासून असं.

पाऊलवाट: असते अशी पद्धत. फॅमिली थेरपीत एकट्या मुलाला पेशंट धरत नाहीत, घरात कोण कोणाशी कसं बोलतं ते बघतात. आम्हीही चिडलो होतो. तिथे विचारलं, "काल मुलीशी अभ्यास सोडून काय बोललात?" मला एक वाक्य आठवेना. आमच्याकडे बाबांचे सगळे निरोप माझ्यामार्फत जायचे, ते बंद करायलाच दोन महिने गेले. मिस्टरांना न्याच.

मिठागर: झोप किती होते? १३ ते १८ वयात ८ ते १० तास लागतात, आणि या वयात झोप येतेच उशिरा. पहाटे पाचला उठवत असाल तर चिडचिड होणारच.

गोदाकाठ: आम्ही चारला उठून अभ्यास केला. कोणी थेरपीला नेलं नाही.

पाऊलवाट: म्हणून तुमच्या मुलीला आठ दिवस रडवायचं?

देवराई: भांडण नंतर. समिधाताई, राग मानू नका, पण जेवण कमी झालंय का? मरणाबिरणाचं कधी बोलला?

समिधा_०७: जेवण निम्म्यावर आलंय. ऑगस्टमध्ये टेस्टला मार्क कमी पडले तेव्हा म्हणाला, "मी नसतो तर तुमचे पैसे तरी वाचले असते." रागात म्हणाला. क्लासच्या फीसाठी सोनं गहाण ठेवलंय, ते त्याला माहीत आहे.

देवराई: ताई, शनिवारपर्यंत थांबू नका. समुपदेशकांना आत्ता फोन करून हे वाक्य जसंच्या तसं सांगा. लागला नाही तर टेली-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६. सरकारी आहे, फुकट, २४ तास, मराठीत बोलतात. आणि जीव द्यावासा वाटतो का, हे त्याला सरळ विचारा. विचारल्याने नसलेला विचार डोक्यात येत नाही. आज एकटं ठेवू नका.

कोकणकडा: फी किती भरलीत? भाच्याला इंटिग्रेटेड कॉलेजला (कॉलेज आणि क्लास एकत्र) घालायचंय, म्हणून विचारतो.

समिधा_०७: फोन लागला. उद्या सकाळीच तिघांना बोलावलंय. यांनी धागा वाचला, रजा टाकली. आत्ता त्याच्या खोलीत बसलेत. फीचं नंतर लिहिते.