पुरुमेत भरलं का? तुमच्या घरच्या आठवणी येऊ द्या

अंत्रुजचं माहेर

काल म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात लेकीसाठी रेनकोट घ्यायला गेले होते. मिरच्यांच्या ओळीतून जाताना असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आलं, आणि रेनकोट राहिला बाजूला, माहेरची कोठीची खोलीच डोळ्यांपुढे उभी राहिली.

माहेर फोंड्याकडचं. मे उजाडला की आजी पुरुमेताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या, मागे लागायची. गडगडायच्या आत सगळं घरात, हा एकच कायदा. अंगणात सोलां, सुपांवर आंब्याचं साठ, बरणीत दगडाखाली चेपणीची तोरां (मिठातल्या कैऱ्या), चिंचेचे गोळे, वाशाला कांद्याच्या माळा, न्हाणीघरामागे चुडतां (नारळाच्या झावळ्या) नि करवंट्या. खारे बांगडे मात्र गोठ्याच्या माळ्यावर, कारण देवघराला वास लागता कामा नये. मांजरीला पत्ता बरोबर ठाऊक.

माझ्या वाट्याला भिकणां. फणसाच्या आठळ्या धुऊन सुकवायच्या, तांबड्या मातीच्या चिखलात घोळायच्या आणि परत उन्हात टाकायच्या. मातीचं कवच कडक झालं की कोपऱ्यात ढीग. पावसाळाभर टिकायच्या. लागतील तशा धुवायच्या, माती निघाली की आत आठळी जशीच्या तशी. पहिल्या पावसात तायकिळा (टाकळा) उगवला की त्याच्या कोवळ्या पाल्यात ठेचलेली भिकणां आणि वरून खोबरं. ही भाजी अजून कुठल्या हॉटेलात दिसली नाही, आणि दिसू पण नये, तोंडाला येईल तो भाव लावतील.

आता फ्रिज आहे, सगळं बारा महिने मिळतं. तरी कांद्याच्या माळा घेतल्याच. नवरा विचारतोय एवढे कांदे कोण खाणार. तुमच्याकडे काय काय भरायचे? लिहा.

तिरफळ

मीठ!! मीठ कसं विसरलात. आमच्याकडे आगराचं मीठ यायचं, जाडं, करड्या रंगाचं. पावसाळ्यात त्याला पाणी सुटायचं म्हणून टोपली टांगून खाली भांडं. रात्रभर टप टप टप. पाहुणे म्हणायचे घर गळतंय.
आता थांबते, कुकरची शिट्टी झाली.

मडगावचो

आमच्याकडे होली स्पिरिट चर्चच्या फेस्ताची फेरी (जत्रा) म्हणजेच पुरुमेत. मिरची, सुंगटां (कोळंबी), चिंच, मडकी, झाडू सगळं तिथेच. शेजारची मांय घरचा सुंगटांचा बालचांव आणि बांगड्याचा पारा, दोन्ही विनेगारातली लोणची, करायची. विनेगारचा वास आमच्या तुळशीपर्यंत. दर वर्षी एक बरणी आमच्याकडे. आई म्हणायची, "कित्याक गो इतलें, आमी खायनात," आणि बरणी घ्यायची. चवथीला आमच्या नेवऱ्यांचं ताट तिकडे, नाताळाला त्यांच्या दोदोलचं इकडे. बरणी परत करताना रिकामी द्यायची नाही हा नियम, त्यामुळे ती कधी नेमकी कोणाची होती ते आता दोन्ही घरांत कोणाला माहीत नाही.

पुण्याहून आलेली सून

मी लग्न होऊन आले त्या पहिल्या जूनमध्ये सासूबाईंनी कोठी दाखवली आणि म्हणाल्या "हें पळय". मला वाटलं दुकान आहे आपलं. 😄
एक विचारायचं होतं, सोलां नि आमसुलं एकच ना? इथे आगळ पण म्हणतात, माझा अजून गोंधळ होतो.

तिरफळ

सोलां म्हणजे आमसुलंच, भिंडाची (कोकमाची) साल सुकवलेली. आगळ म्हणजे मीठ घालून काढलेला रस. सोलकढीला आगळ, हुमणाला (माशाच्या कालवणाला) सोलां. बांगड्याच्या हुमणात वर तिरफळं पाहिजेतच, नाहीतर करूच नका. (नाव बघा माझं)

पर्वरीकर

१९८६. पुरुमेत भरून झालेलं, पाऊस कोसळत होता, आणि ५ जुलैला मांडवीचा पूल पडला. बाबांचं ऑफिस पणजीत, माझी शाळा पणजीत, सगळं पणजीत. घरात गोंधळ. आजी शांत. म्हणाली, तांदूळ आहे, बांगडे आहेत, लाकडं आहेत, पूल गेला तर गेला. चार दिवस उकड्या तांदळाची पेज आणि भाजलेला खारा बांगडा. मग बेतीहून फेरीबोट सुरू आमची. धक्क्यावर ही गर्दी, छत्रीत छत्री अडकलेली, बोट लागायच्या आधीच लोक उडी मारायचे. हातात डबा, डोक्यावर दप्तर. भिजलं तर भिजलं. नवीन पूल व्हायला १९९२ उजाडलं, तोवर माझी शाळा संपत आलेली. फेरीबोटीत केलेली मैत्री मात्र टिकली, एक जण तर मेहुणा झाला.

अंत्रुजचं माहेर

@पर्वरीकर मेहुणा कसा झाला ते सविस्तर लिहा 😂

पर्वरीकर

तो हा धागा वाचतो. नाही लिहीत.

दिवचलकर

आजोबांचं सांगतो. १९५५ च्या सत्याग्रहानंतर भारताने सीमा बंद केली, घाटावरून येणारा माल थांबला. मग पोर्तुगीज सरकारने बाहेरून मागवायला सुरुवात केली. बटाटे हॉलंडचे, चहा सिलोनचा, तांदूळ पाकिस्तानातून, सिमेंट जपानचं. आजोबा म्हणायचे, पलीकडे दोडामार्गला बटाटा पडलाय आणि आम्ही खातोय बोटीतून आलेला. त्यांना तो आवडायचा मात्र. "गुळगुळीत, एकाला डोळा नाही!" असं गोवा मुक्तीनंतर पण सांगायचे. आजीचं म्हणणं उलट, पाणचट होता, कांद्याशिवाय भाजी गिळवत नव्हती. या एका विषयावर दोघे शेवटपर्यंत भांडले.
पुरुमेताचा धाक त्या पिढीला उगाच नव्हता एवढंच म्हणायचं आहे. पावसात घाट बंद, नदीला पूर, वर राजकारण.

सत्तरीचा पाऊस

तुम्ही सगळे भरून ठेवणारे. आमच्याकडे पावसातच जास्त मिळतं. पहिला जोर झाला की चढणीचे मासे, रात्री बत्ती घेऊन व्हाळात (ओढ्यात). नंतर किल्ल (बांबूचे कोंब), मग रोयणीवरची (वारुळावरची) अळमी, म्हणजे अळंबी. अळमी कुठे येतात ते सख्ख्या भावाला सांगत नाहीत. माझ्या काकांनी मला पण नाही सांगितलं, मागून चालत गेलो तर फिरवून फिरवून परत घरी आणून सोडलं. आता रस्त्यावर पानात बांधून विकतात तो भाव ऐकून मी निसर्गप्रेमी झालोय, नुसतं बघतो.

हुमणाचो रोस

आणि जंपिंग चिकन? 🐸

सत्तरीचा पाऊस

नाव काढू नको. बेडूक पकडणं गुन्हा आहे, वनखात्याची माणसं रात्री फिरतात. शिवाय बेडूक गेले की शेतात कीड नि घरात डास.

हुमणाचो रोस

मी कुठे पकडतो, विचारलं नुसतं. आमच्या वाड्यावर बॅटरी दिसली की म्हातारे ओरडतात "कोण रे तो".
बाकी १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद, त्यात आमच्या घरी सुकं खायला तिसरी पिढी तयार नाही. पोरगा म्हणतो वास येतो. किसमूर केली सुक्या सुंगटांची, खोबरं, कांदा, कोकम घालून, तेव्हा त्यानेच आधी ताट पुसलं. वास येतो म्हणे.

वास्कोची बाय

पुरुमेत नाही, पण पावसाळा म्हटला की आम्हाला सप्ताह. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दामोदराला नारळ ठेवतात, चोवीस तास भजन, पाळीपाळीने. गावात साथ पसरली होती तेव्हा जांबावलीहून नारळ आणला, ती ही प्रथा. माझे सासरे पहाटेच्या पाळीला जायचे, कारण म्हणे तेव्हा आवाज लागतो. खरं कारण बाहेरच्या फेरीतली गरम भजी. खाजें (गुळाचा जत्रेतला खाऊ) तर पिशवीभर यायचं, आलं लावलेलं, पावसात मऊ पडायचं तरी खायचो.
विषय सोडून लिहिलं काय? असू दे.

मडगावचो

असू दे असू दे. खाजें पुरुमेतातच धरा.

पेडणेकरीण

उशिरा आले. आमच्याकडे हरमलच्या मिरच्या, आणि आईचा ठाम विश्वास की बाकी सगळ्या मिरच्या नुसत्या रंगाला. काणकोणची वहिनी आली ती खोल्याची मिरची घेऊन. पहिल्या वर्षी दोन वेगळे डबे, दोन वेगळी हुमणं. बाबा दोन्हींना "हेंच बरें" म्हणायचे, आणि पकडले गेले.
@अंत्रुजचं माहेर भिकणां आहेत का अजून तुमच्या आईकडे? यंदा आमचा फणस लागलाच नाही.

अंत्रुजचं माहेर

आहेत की! रविवारी जातेय माहेरी. मातीसकट देऊ की धुऊन?

पेडणेकरीण

मातीसकट! धुतली तर आठ दिवसांत कोंब येतील. बदल्यात मिरची देते, फक्त वहिनीला सांगू नका.

पुण्याहून आलेली सून

मला पण पाहिजेत थोडी... तायकिळा कसा ओळखायचा तेवढं सांगा आधी, मागच्या वर्षी भलताच पाला आणला होता.