घर दिसतं, पण ऐकू येत नाही
फोन हातात असला की परदेशातल्या माणसाला एकटं वाटत नाही, असं म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. माझा धाकटा भाऊ सहा वर्षं संयुक्त अरब अमिरातीत, शारजात आहे. अमिरातीत व्हॉट्सॲपवर मेसेज, फोटो, स्टेटस सगळं चालतं, पण कॉल लागत नाही. बोलायचं तर बोटिमसारखं, तिथे कॉलची परवानगी असलेलं ॲप घ्यावं लागतं, आणि आमच्या आईला ते जमत नव्हतं. म्हणजे घर दिवसभर दिसतं, पण घरातलं माणूस बोलत नाही.

गेल्या गणपतीत वाडीच्या ग्रुपवर फोटोंचा नुसता पाऊस. आमच्या देवगडच्या घरात माटवीला, म्हणजे गणपतीच्या डोक्यावरच्या लाकडी चौकटीला, कवंडळं (रानफळं) बांधायचं काम लहानपणापासून भावाचं. फोटोत ते पुतण्या करत होता. भावाने सगळं पाहिलं, पण एक अक्षर लिहिलं नाही, पुढे दोन महिने गप्पच. मग एकदा म्हणाला, "दादा, खोलीतले सगळे झोपले की चादरीखाली तेच फोटो परत परत बघायचो. झोपच उडाली होती." ऐकून माझ्या पोटात खड्डा पडला.

आता आईच्या फोनवर बोटिम घालून दिलंय. त्याला शुक्रवारी सुट्टी. तिकडचं घड्याळ दीड तास मागे, म्हणून आपल्या दहाला फोन लावतो. आई आंब्याच्या कलमांखाली उभी राहून मोहोर दाखवते, फवारणी कधी करायची ते त्यालाच विचारते. आणि तो बोलतो, अर्धा-अर्धा तास.