मदत हवी आहे: दुकान कामगारांचा मूळ किमान वेतनदर वाढवण्याचं निवेदन, हिशेब कसा मांडावा?

धागाकर्ती

महाराष्ट्रात 'दुकाने व व्यापारी आस्थापना' या उद्योगाचे मूळ किमान वेतनदर जुलै २०१९ मध्ये सुधारले गेले. पाच वर्षांची मुदत २०२४ मध्येच सरली. मूळ दर वाढवावेत असं निवेदन कामगारांच्या वतीने शासनाला द्यायचं आहे. व्यापाऱ्यांकडून तीन मुद्दे येतात: (१) मूळ दरावर महागाईपोटी मिळणारा विशेष भत्ता वर्षातून दोनदा वाढतोच, मग मूळ दर कशाला? (२) २०१९ मध्ये दर एकदम दुप्पट केले होते. (३) लहान दुकानाला परवडणार नाही, माणसं कमी करावी लागतील.

मागणीचा आकडा कशाच्या आधारे काढायचा आणि या तिन्ही मुद्द्यांना काय उत्तर द्यायचं? घोषणा नकोत, हिशेब हवा.

मस्टरबुक

ताई, आधी दुसरा मुद्दा घेते, कारण निवेदनं तिथेच फसतात.

परिमंडळ १ मध्ये (दरांसाठी राज्याचे तीन भाग आहेत, त्यातला मोठ्या शहरांचा) अकुशल कामगाराचा मूळ दर २०१० च्या अधिसूचनेत ५,००० होता, २०१९ मध्ये १०,०२१ झाला. कागदावर दुप्पट. पण २०१९ पर्यंत त्या ५,००० वर नऊ वर्षांचा विशेष भत्ता साचला होता. मूळ दर सुधारताना तो साचलेला भत्ता नव्या दरात मिसळतो आणि भत्त्याची मोजणी नव्याने सुरू होते. म्हणून खरी वाढ = नवा मूळ दर − (जुना मूळ दर + सुधारणेच्या आदल्या महिन्याचा विशेष भत्ता). जून २०१९ ला लागू असलेलं भत्त्याचं परिपत्रक काढा, वजाबाकी करा, दुप्पटीचा मुद्दा तिथेच निकालात निघतो. निवेदनाला ते परिपत्रक जोडाच.

हीच चूक आपल्या बाजूनेही होते. 'आजचा दर फक्त १०,०२१' असं लिहू नका. चालू भत्ता धरून एकूण लिहा, नाहीतर पहिल्याच बैठकीत समोरचे तुमचा तक्ता बाजूला सारतील.

आता पहिला मुद्दा. विशेष भत्ता ही वेतनवाढ नाही, ती महागाईची भरपाई आहे. कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाची सहा महिन्यांची सरासरी काढून भत्ता ठरतो आणि १ जानेवारी व १ जुलैपासून लागू होतो. त्यातून फार तर जुनी खरेदीशक्ती टिकते, वाढत नाही. शिवाय या उद्योगात भत्ता कुशल, अर्धकुशल, अकुशल सगळ्यांना सारख्याच रुपयांत मिळतो. २०१९ च्या दरांत परिमंडळ १ मधला कुशल ११,६३२ आणि अकुशल १०,०२१, म्हणजे फरक १,६११, अकुशलाच्या दराच्या १६ टक्के. समजा भत्ता ३,००० झाला. फरक तेवढाच, १,६११, पण १३,०२१ च्या तुलनेत तो १२.४ टक्क्यांवर येतो. दर सहा महिन्यांनी कसबाची किंमत अशी झिजत जाते आणि ती फक्त मूळ दर सुधारूनच भरून निघते. माझ्या मते तुमच्या निवेदनातला सगळ्यात भक्कम मुद्दा हाच आहे, तो पहिल्या पानावर घ्या.

धागाकर्ती

हे फार कामाचं आहे, मनापासून आभार. आता मागणीचा आकडा कसा काढू? १९५७ चे निकष वापरायचे की नव्या वेतन संहितेचे?

मस्टरबुक

पाया १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेचाच आहे: कमावत्या माणसामागे तीन उपभोग-एकक (कुटुंबाचा खर्च तीन प्रौढांइतका धरायचा), माणशी २,७०० कॅलरी, कापड, घरभाडं, इंधन. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेप्टाकॉस ब्रेट खटल्यात शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण यांसाठी २५ टक्के धरायला सांगितलं. वेतन संहिता २०१९ (किमान वेतनाचा नवा केंद्रीय कायदा) हिच्या केंद्रीय नियमांच्या २०२० च्या मसुद्यात हे सगळं एकत्र मांडलंय, मांडणी त्याच क्रमाने करा.

नमुना देते. भाव तुमच्या गावच्या बाजारातले टाका, माझे फक्त रीत दाखवायला आहेत.

अन्न: एका एककाला रोज ९० रुपये × ३ × ३० = ८,१००
कापड: वर्षाला ६६ मीटर, म्हणजे महिन्याला ५.५ मीटर × १५० = ८२५
घरभाडं: अन्न आणि कापड यांच्या बेरजेच्या १० टक्के = ८९२.५०
बेरीज: ९,८१७.५०

इथे बहुतेक जण चुकतात. इंधन-वीज वगैरे २० टक्के आणि शिक्षण-औषध वगैरे २५ टक्के हे एकूण किमान वेतनाचे टक्के आहेत, वरच्या बेरजेचे नव्हेत. ९,८१७.५० ला १.४५ ने गुणलं तर १४,२३५ येतात, ते चूक. ही बेरीज म्हणजे वेतनाचे ५५ टक्के, म्हणून ०.५५ ने भागायचं: १७,८५०. एका आकडेमोडीत कामगाराचे महिन्याला ३,६१५ रुपये जातात. दिवसाचा दर काढताना २६ ने भागा: ६८६.५४. तीसने भागलं तर साप्ताहिक सुट्टीचा पगार पुसला जातो.

अन्नाचा भाव ठरवताना तांदूळ, ज्वारी, तूरडाळ, तेल, दूध, भाजी असा वाणवार तक्ता करा आणि तीन वेगवेगळ्या दुकानांची तारखेसह बिलं जोडा. नुसतं '९० रुपये' लिहिलं तर पहिला प्रश्न 'कशावरून?' हाच येतो.

गल्लापेटी

दुकानदारांच्या बाजूचा हिशेबही नीट मांडा, तो टाळला तर निवेदन एकतर्फी दिसेल. उदाहरणादाखल: महिन्याची विक्री १२ लाख, ढोबळ नफा १० टक्के म्हणजे १,२०,०००, कामगार तीन. प्रत्येकी १,५०० वाढ म्हणजे ४,५००. विक्रीच्या ०.३७५ टक्के, हा आकडा कामगार संघटना देतात. ढोबळ नफ्याच्या ३.७५ टक्के, हा दुकानदार देतात. दोन्ही खरे आहेत, दोन्ही छापा. किराण्यात छापील किमतीच्या वर विकता येत नाही, त्यामुळे भार गिऱ्हाईकावर सहज ढकलता येत नाही. कापड किंवा भांड्यांच्या दुकानाला तेवढी अडचण नाही. म्हणून 'सगळ्यांना सहज परवडेल' असं वाक्य लिहू नका. त्याऐवजी वाढ दोन टप्प्यांत मागा, निदान परिमंडळ ३ (लहान गावांचा भाग) साठी. तिथला २०१९ चा अकुशल दर ८,८२८ होता, एकदम मोठी उडी घेतली तर माणसं कामावरून जाणार नाहीत, हजेरीपटावरून जातील. माझी खरी काळजी ती आहे. पगार रोखीत, सही भलत्याच आकड्यावर. दरवाढीबरोबर पगार बँक खात्यातच जमा व्हावा ही मागणी जोडा.

मस्टरबुक

टप्प्यांना माझा विरोध आहे. मुदत आधीच उलटून गेलीय, आणखी थांबायचं तर तो भार पुन्हा कामगारानेच सोसायचा. आणि किमान वेतन ठरवताना मालकाची ऐपत हा निकषच नाही, हे उनीचोयी विरुद्ध केरळ राज्य या १९६१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय. बँक खात्याच्या मागणीला मात्र पूर्ण पाठिंबा, ती घ्याच.

रोजगार घटण्याबद्दल: कार्ड आणि क्रूगर या अर्थतज्ज्ञांचा १९९४ चा अभ्यास सगळे पुढे करतात. अमेरिकेतल्या न्यू जर्सीत एप्रिल १९९२ मध्ये किमान वेतनाचा तासाचा दर ४.२५ वरून ५.०५ डॉलर झाला, शेजारच्या पेनसिल्व्हेनियाशी तुलना केली आणि फास्ट फूडच्या दुकानांत नोकऱ्या घटलेल्या दिसल्या नाहीत. पण न्यूमार्क आणि वॉशर यांनी २००० मध्ये पगारपत्रकांच्या आधारे त्यावर आक्षेप घेतला. एका वाक्यात दोघांचाही उल्लेख करून पुढे जा. आपल्याकडच्या दुकानांचा निकाल तिथल्या आकड्यांवर लागणार नाही.

कलम_आठ

प्रक्रियेचं सांगते. वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. जुन्या कायद्याखालच्या अधिसूचना, संहितेशी विसंगत नसतील तेवढ्या, चालू राहतात (कलम ६९). त्यामुळे निवेदनात १९४८ च्या किमान वेतन अधिनियमाऐवजी संहितेच्या कलम ८ चा आधार घ्या. त्यात दोन वाटा आहेत: समिती नेमणे, किंवा मसुदा प्रसिद्ध करून किमान दोन महिने हरकती मागवणे. पाच वर्षांच्या आत फेरविचाराचं बंधनही त्याच कलमात आहे. समितीत मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी समसमान आणि स्वतंत्र सदस्य एक तृतीयांशाहून जास्त नाहीत, म्हणून समिती मागत असाल तर दुकान कामगारांचा प्रतिनिधी त्यात असावा हे नाव न घेता पण स्पष्ट लिहा.

निवेदन कामगार विभागाच्या प्रधान सचिवांना, प्रत कामगार आयुक्तांना. दोन्हीकडे आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घ्या.

आणखी एक, जुन्या धाग्यांत 'कमी वेतनाचा दावा सहा महिन्यांत' असं वाचायला मिळेल. संहितेत ती मुदत तीन वर्षं आहे आणि फरकाच्या दहापटीपर्यंत भरपाई देता येते. सह्या गोळा करताना हे कामगारांना सांगा आणि प्रत्येकाला हजेरीकार्डाचा, पगारचिठ्ठीचा महिन्याच्या महिन्याला मोबाईलवर फोटो काढून ठेवायला सांगा. पगारचिठ्ठी मिळतच नसेल तर हातात पडलेली रक्कम आणि तारीख वहीत लिहून ठेवायची, त्याच दिवशी.

धागाकर्ती

भावांचा तक्ता या रविवारच्या बाजारापासून सुरू करते. टप्प्यांची मागणी घेणार नाही, बँक खात्याची घेते. मसुदा तयार झाला की इथेच टाकते, ०.५५ चा भागाकार कृपया तपासून द्या.