मुंबईची 1918 ची गिन्नी: ग्रेडिंग करावं का?

सांगलीकर_पाटील: आत्याच्या पेटीतल्या दोन गिन्न्या माझ्या वाट्याला आल्यात, दोन्ही 1918 च्या, एकीकडे पंचम जॉर्ज, दुसरीकडे घोडेस्वार नि ड्रॅगन. एकीला कडी लावलीय, आत्या गळ्यात घालायची. पेढीवर दाखवल्या तर म्हणे मोडीच्या भावानेच घेईन वर घटही कापणार, आणि इकडे ऑनलाइन लोक प्लास्टिकच्या डबीत सीलबंद केलेली गिन्नी कायच्या काय किमतीला टाकतात. ते एनजीसी, पीसीजीएस या अमेरिकन कंपन्या नाणं तपासून नंबर देतात नि डबीत सीलबंद करतात, ते ग्रेडिंग करून घ्यावं का? काळपट पडल्यात, आधी रिठ्याच्या पाण्यात टाकू का?

नाणेफेक: रिठा, लिंबू, टूथपेस्ट काऽही नको!! 70 पैकी ग्रेड देतात, 60 नि त्याच्या वर म्हणजे न वापरलेलं नाणं, पण घासलेलं दिसलं की नंबरच देत नाहीत, नुसतं 'डिटेल्स' (म्हणजे नाणं खरं, पण बिघडवलेलं) लिहून डबीत घालतात. कडीवालीचं पण तेच होणार, कडी काढली तरी डाखाची खूण राहते.

जुनाबाजार: आधी भिंग घेऊन बघा, ड्रॅगनच्या खाली जमिनीची जी पट्टी आहे तिच्यावर, सालाच्या बरोब्बर वर बारीक इंग्रजी आय आहे का. असेल तर मुंबईच्या टांकसाळीतली, ही फक्त 1918 सालचीच असते. महायुद्धात सोन्याची ने-आण अवघड झाली म्हणून रॉयल मिंटची, म्हणजे ब्रिटिश सरकारी टांकसाळीची शाखाच इथे काढली होती. पण 13 लाखांच्या आसपास पाडलेली आहेत, त्यामुळे 'दुर्मिळ' म्हणून कोणी हवा केली तर हसून सोडून द्या. सोन्यावर थोडाफार भाव मिळतो, खरा फरक पडतो तो एकदम कोऱ्या नाण्याला. वजन पण करा, 7.98 ग्रॅमच्या आसपास भरायला हवं, व्यास 22 मिमी, सोनं 22 कॅरेट. नकली पण भरपूर फिरतायत.

वकील_नाही_पण: कायद्याचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. 100 वर्षांवरचं नाणं 1972 च्या पुरावशेष कायद्यात येतं, देशाबाहेर पाठवायला बंदी आहे. तेव्हा अमेरिकेतला मेव्हणा ग्रेडिंग करून आणेल वगैरे डोक्यातून काढा. आणि डबीतली विकत घेणार असाल तर डबीवरचा सर्टिफिकेट नंबर कंपनीच्या साइटवर टाकून फोटो जुळवा, डब्यासुद्धा नकली निघतात राव.

सांगलीकर_पाटील: बघितलं! बिनकडीच्या गिन्नीवर आय आहे, वजन 7.97 आलं. कडीवालीवर मात्र एम दिसतोय??

जुनाबाजार: एम म्हणजे मेलबर्न, ती सोन्याच्या भावाचीच धरा, वहिनींना घालू द्या. आयवालीचे उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो टाका, जॉर्जच्या दाढीचे नि भुवईचे केस सुटे दिसतायत का ते बघू, तिथे झिजली असेल तर ग्रेडिंगचा खर्च काही निघायचा नाही.