घरची मोठी खरेदी आहे, क्रेडिट कार्डावर आधी गिफ्ट व्हाउचर घ्यावीत का?

पिंपळपान
नमस्कार मंडळी. आम्ही नुकतेच नाशिकला नव्या घरात आलो. दिवाळीपर्यंत फ्रिज आणि वॉशिंग मशीन घ्यायचंय, दोन्ही मिळून सत्तर हजारांच्या आसपास. शिवाय किराणा नि औषधं धरून महिन्याला नऊ-दहा हजार जातातच. माझ्याकडे अमेरिकन एक्सप्रेसचं मेंबरशिप रिवॉर्ड्स कार्ड आहे, ह्यांच्याकडे ॲमेझॉन पे आयसीआयसीआय. ऑफिसातली मैत्रीण म्हणते, दुकानात थेट कार्ड घासूच नकोस. आधी कार्डावर व्हाउचर घे, मग व्हाउचरनं बिल दे, पॉइंट जास्त पडतात. खरंच फायदा होतो का? आणि बँक कधी अडवते का? बिल आम्ही दर महिन्याला पूर्ण भरतो, एकदाही मागे ठेवलेलं नाही.

रानवारा
ताई, तुमचं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. कार्डावरचं व्याज महिन्याला साडेतीन-पावणेचार टक्के असतं. एक महिना जरी बिल तुंबलं तरी वर्षभराचे पॉइंट त्यात जातील.

आता व्हाउचरबद्दल. दोन वेगळ्या गोष्टींना लोक एकच नाव देतात. एक असतं दुकानाचं किंवा ब्रँडचं स्वतःचं व्हाउचर, ते तिथेच चालतं. दुसरं बँकेनं किंवा वॉलेट कंपनीनं काढलेलं प्रीपेड गिफ्ट कार्ड. हे व्हिसा-रुपेवर असल्यामुळे बऱ्याच ठिकाणी चालतं. ह्या दुसऱ्या प्रकाराला रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत (२०२१ च्या प्रीपेड साधनांच्या निर्देशात सापडतील): एका कार्डात जास्तीत जास्त १०,००० रुपये, पुन्हा भरता येत नाही, रोख निघत नाही, दुसऱ्याच्या खात्यात वळवता येत नाही.

माझं मत, हा दुसरा प्रकार तुम्ही सोडूनच द्या. समजा १०,००० च्या कार्डावर १०० रुपये शुल्क लागलं, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११८ गेले. तुमच्या क्रेडिट कार्डानं एक टक्का दिला तर १०० आले. खिशातले १८ रुपये घालून वर एक जास्तीचं प्लास्टिक सांभाळायचं.

तिन्हीसांज
रानवारा, प्रीपेडबद्दल पटलं, पण ब्रँडच्या व्हाउचरना त्याच मापानं मोजू नका. पिंपळपान यांच्या अमेक्स कार्डावर हिशेब चांगला बसतो. त्या कार्डावर महिन्यात १,५०० किंवा त्याहून मोठे चार व्यवहार केले की १,००० बोनस पॉइंट मिळतात. किराण्याच्या बिलांचे नेमके १,५०० चे चार तुकडे कोणाकडेच पडत नाहीत. कधी ७०० चं बिल, कधी ३,२०० चं. पण जिथे दरमहा जाताच, त्या दुकानाची १,५०० ची चार व्हाउचर वेगवेगळी घेतली की अट पुरी होते. पॉइंट २५ पैशांना धरला तरी ६,००० रुपयांवर २५० रुपये, आणि दर ५० रुपयांना एक पॉइंट मिळतो तो वेगळा. सगळं धरून साडेचार टक्क्यांच्या वर जातं. मी हे करते ते एवढ्यासाठीच.

त्याच कार्डावर महिन्याचा खर्च २०,००० झाला की आणखी १,००० पॉइंट असतात. पण त्यासाठी ओढूनताणून खर्च करू नका. फ्रिजच्या महिन्यात तो आकडा आपोआप गाठला जाईल.

शेवंती
पुण्याहून लिहितेय. फ्रिजसाठी व्हाउचर घेण्याआधी माझं ऐका. गेल्या वर्षी टीव्हीसाठी मी एका साखळी दुकानाची वीस हजारांची व्हाउचर घेऊन ठेवली होती. दुकानात गेल्यावर कळलं की दिवाळीची दहा टक्के तात्काळ सूट फक्त कार्डानं पैसे भरणाऱ्याला आहे, आणि जेवढी रक्कम व्हाउचरनं भरली तेवढ्यावर ती मिळणार नाही. म्हणजे तीन-चार टक्क्यांसाठी दहा टक्के सोडले. वर टीव्ही खराब निघाला. परत केला, तर वीस हजार पुन्हा व्हाउचर म्हणूनच आले. आम्हाला मग दुसऱ्या दुकानातून घ्यायचा होता, ते जमलं नाही. थेट कार्डानं दिले असते तर बँकेकडे तक्रार तरी करता आली असती. बँकेच्या लेखी मी व्हाउचर विकत घेतलं आणि ते मला मिळालं, विषय तिथेच संपला. दोन महिने जीव टांगणीला होता, म्हणून कळकळीनं सांगते: मोठ्या यंत्रासाठी व्हाउचर नको.

रानवारा
शेवंतीताईंशी शंभर टक्के सहमत. आणि पिंपळपान, फ्रिज ॲमेझॉनवरून घेणार असाल तर तुमच्या घरी ॲमेझॉन पे आयसीआयसीआय कार्ड आहेच. प्राइम (ॲमेझॉनचं पैसे भरून घ्यायचं सदस्यत्व) असेल तर थेट पाच टक्के परत, नसल्यास तीन. मध्ये व्हाउचर आणायचं कारणच नाही. फक्त हप्ते करू नका, त्यावर हे टक्के मिळत नाहीत.

कासवचाल
बँक अडवते का, हे कोणी सांगितलं नाही. बँकेला तुम्ही काय घेतलं ते दिसत नाही, दुकानाचा चार आकडी व्यवसाय-कोड दिसतो. भेटवस्तू नि गिफ्ट कार्डांच्या दुकानांचा ५९४७, प्रीपेड कार्डात पैसे भरण्याचा ६५४०. हे कोड बऱ्याच बँकांनी रिवॉर्डमधून वगळलेत. एसबीआयचं कॅशबॅक कार्ड बघा: ऑनलाइन खरेदीवर पाच टक्के देतं, पण गिफ्ट कार्डांच्या दुकानांचा वर्ग २०२३ पासून वगळलेला आहे. तेच व्हाउचर ब्रँडच्या स्वतःच्या ॲपवर घेतलं तर कोड वेगळा लागू शकतो. म्हणून मी नव्या ठिकाणी आधी ५०० चं एकच घेतो, स्टेटमेंट येईपर्यंत थांबतो, पॉइंट दिसले तरच पुढे जातो. एका बँकेनं माझे तीन महिन्यांचे पॉइंट मागाहून काढून घेतले होते, तेव्हापासून ही सवय.

हडसनकाठ
मी न्यू जर्सीत राहतो. इकडे हा प्रकार खूप जुना आहे. सुपरमार्केटच्या खरेदीवर सहा टक्के देणारी कार्डं आहेत (अमेक्सच्या एकाला वर्षाला ६,००० डॉलरची मर्यादा आहे). लोक सुपरमार्केटमधूनच ५०० डॉलरची व्हिसा गिफ्ट कार्डं उचलतात. पुढे काही जण त्या कार्डांवर मनीऑर्डर (इकडे ती चेकसारखी बँकेत भरता येते) घेऊन पैसे परत बँकेत भरतात, पॉइंट तेवढे उरतात. २००८ मध्ये अमेरिकी टाकसाळीनं एक डॉलरची नाणी दर्शनी किमतीत, टपालखर्चाशिवाय घरपोच द्यायला सुरुवात केली, तेव्हा लोकांनी ती क्रेडिट कार्डावर पेट्यांनी मागवली आणि सरळ बँकेत नेऊन भरली. २०११ मध्ये टाकसाळीनं कार्डावर विक्री बंद केली.

गोलगोल पैसे फिरवणं बँकांना कळतं, आणि माझ्या ओळखीत दोघांची खाती बंद झाली आहेत. दुसरा धोका चोरांचा. दुकानात टांगलेल्या कार्डांची पाकिटं उघडून नंबर टिपून ठेवतात आणि कोणी पैसे भरले की कार्ड रिकामं करतात. भारतात डिजिटल कोड येतो, तेवढं बरं.

कासवचाल
भारतातले चोर टेलिग्रामवर बसलेत. 'पंधरा टक्के स्वस्त व्हाउचर' म्हणून जे विकतात, त्यातली कित्येक चोरीच्या कार्डांवर घेतलेली असतात. नंतर कोड रद्द होतो आणि पोलिसांची विचारपूस तुमच्याकडे येते. फसलात तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० ह्या मदत क्रमांकाला फोन करा. आणि नातेवाइकांसाठी, मित्रांसाठी तुमच्या कार्डावर व्हाउचर घेत बसू नका. वर्षात कार्डाचं बिल १० लाखांच्या वर भरलं की बँक ते आयकर खात्याला कळवते.

पिंपळपान
सगळ्यांचे मनापासून आभार. शेवंतीताई, तुमचं वाचून ह्यांनी फ्रिजच्या व्हाउचरचा विषयच बंद केला. आमचं असं ठरलं: फ्रिज आणि मशीन थेट कार्डानं, जिथे सूट जास्त तिथून. अमेक्सवर फक्त किराण्याची १,५०० ची चार, पहिल्या महिन्यात एकच घेऊन बघणार. औषधांचं दुकान गल्लीतलं आहे, तिथे नेहमीसारखंच. एक शंका उरली: व्हाउचरची मुदत किती असते?

तिन्हीसांज
प्रीपेड कार्डाला किमान एक वर्ष द्यावंच लागतं, पण दुकानाच्या व्हाउचरवर सहा महिनेही असतात. घेण्याआधी दोन गोष्टी वाचा: मुदत, आणि एका बिलात किती व्हाउचर चालतात. काही दुकानं दोनच घेतात. कोड आला की त्याच दिवशी दुकानाच्या ॲपमध्ये भरून टाका, मेलमध्ये ठेवू नका. आणि आधी ह्या महिन्याचं एक वापरून संपवा, मग पुढचं घ्या.