मदत हवी आहे: नवरा बोलत नाही आणि नवरात्र तोंडावर आलंय (बडोदे)

मांजलपूरकरीण: जरा लवकर सांगा, शनिवारपर्यंत गरब्याचे पास घ्यायचे आहेत. पुतणीला जायचंय. मी हो म्हटलं, तर हे ताटावरून उठले. "या घरात कुणाला काही वाटतच नाही" एवढंच बोलले, आणि तेव्हापासून माझ्याशी बोलणं बंद. जाऊ म्हणते, तुम्ही दोघं ठरवा. सासूबाई देवघरातून उठत नाहीत. रोज रात्री जेवणं झाली की हे बुलेट काढतात, साडेअकराला परत येतात. कुठे गेला होतात विचारलं की "चक्कर मारून आलो". आमच्यात असं कधीच नव्हतं. काय करू?

पोळपाट: कोण गेलं? कधी? पुतणी केवढी आहे? यातलं काहीच लिहिलं नाहीत.

सावध: रोज रात्री बाहेर आणि विचारलं की उडवाउडवी. कटू वाटेल, पण त्यांचा मोबाईल बघा.

पोळपाट: सावध, घरात माणूस गेलंय असं दिसतंय. जरा थांबा की.

मांजलपूरकरीण: लिहिलं असं वाटलं मला. धाकटे दीर गेले, फेब्रुवारीत. झोपेतच, हार्ट अटॅक. बेचाळीस वर्षांचे होते. एकच घर, ते खाली, आम्ही वर. पुतणी सोळाची, पुतण्या आठवीत. आणि मोबाईलचं कुणी काढू नका, बुलेट दिरांचीच आहे.

आरटीओवाला_काका: मग एक महत्त्वाचं. आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) अजून मयताच्या नावावर असेल तर गाडी चालवू नका. मालक गेल्यावर तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर करायची असते. अपघात झाला तर विम्याचे वांधे होतात.

पोळपाट: काका, हे कुणी विचारलं?

जुना_रावपुरा: वर्षश्राद्धापर्यंत सण नाही, एवढं साधं आहे. आमच्याकडे घट बसले, पण गरबा नाही. यजमानांचं बरोबर आहे. आणि चांदोदला नर्मदेवर जाऊन एकदा विधी नीट करून घ्या. पौर्णिमा टाळा, गर्दी असते.

गोदाकाठ: चांदोदच का? आम्ही नाशिकला केलं. आणि सूतक दहा दिवसांचं, वर्षभर सण नाही ही रूढी झाली. सोळा वर्षांच्या मुलीवर ती कशाला लादायची?

जुना_रावपुरा: रूढीच घर धरून ठेवते. बडोद्याच्या माणसाला नाशिक कशाला सांगता?

वाचक_सयाजीगंज: यजमान रागाच्या टप्प्यावर आहेत. दुःखाचे पाच टप्पे असतात, पुढचे आपोआप येतील. वाट बघा.

समुपदेशक_निवृत्त: असं सांगू नका. ते टप्पे मानसोपचारतज्ज्ञ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडले ते मरणाच्या दारातल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेली माणसं त्या क्रमाने जात नाहीत. १९९९ मध्ये स्ट्रोब आणि शूट या संशोधकांनी जे मांडलं ते या घराला जास्त लागू आहे: माणूस दुःख आणि रोजचं जगणं यांच्यात सारखी ये-जा करतो. एका घरात सगळ्यांची ये-जा एकाच वेळी होत नाही. मुलगी आज मैत्रिणींकडे वळली आहे, तुमचे यजमान भावाकडे. त्यांना ती निष्ठुर वाटते, तिला ते. प्रेम दोघांचंही तेवढंच आहे. ते कामावर जातात का? जेवण, झोप कशी आहे? जगायचं नाही असं काही बोलले आहेत का?

मांजलपूरकरीण: कामावर जातात. जेवतात. तसं काही बोलले नाहीत. झोप कमी.

समुपदेशक_निवृत्त: मग घाबरू नका, पण लक्ष ठेवा. बिघडतंय वाटलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक आहे, मोफत, चोवीस तास. तुम्हीसुद्धा करू शकता.

थोरला: माझा धाकटा भाऊ गेला आहे, म्हणून लिहितो. बेसण्याला (सांत्वनाच्या बैठकीला) आलेला प्रत्येक जण आईजवळ बसला, वहिनीजवळ बसला, मुलांच्या डोक्यावरून हात फिरवला. माझ्याकडे आले ते खांद्यावर थाप मारून "आता तुलाच सगळं बघायचंय" म्हणायला. मला काय झालं हे कुणी विचारलं नाही. बायकोनेसुद्धा फी, गॅस, आईची औषधं एवढंच विचारलं. मी तिच्यावरच चिडायचो, कारण बाकी कुणावर चिडता येत नव्हतं. ताई, गरब्याचं नंतर बघा. "माझ्याशी का बोलत नाही" हेही विचारू नका. दिरांचा विषय काढा. बुलेटवर मागे बसून जा एक दिवस. समोरासमोर बसवून पुरुष बोलत नाहीत.

गोदाकाठ: आणि परवानगी द्यायचीच तर ती मुलीच्या आईने द्यावी. "तुम्ही दोघं ठरवा" म्हणते, कारण लोक तिलाच बोलतील. तिच्याजवळ बसलात का कधी?

पोळपाट: मुलीला का जायचंय ते विचारलंत का?

मांजलपूरकरीण: काल विचारलं. अष्टमीची एकच रात्र हवी आहे. दर वर्षी बाबा बाराला न्यायला यायचे, ते तिला फार आवडायचं.
रात्री मी गाडीवर मागे बसले. काय बोलावं सुचेना, म्हणून आरटीओवाल्या काकांचं सांगितलं की गाडी नावावर करावी लागेल. अकोट्याच्या पुलावर गाडी थांबवून माझ्यावर ओरडले, "नाव बदलायचं नाही." मग बोलायला लागले. दोघांनी मिळून ही गाडी कशी पसंत केली, हप्ते कसे फेडले. तासभर तिथेच उभे होतो. काका, फॉर्मवर कुणाच्या सह्या लागतात?

आरटीओवाला_काका: बायको, मुलं आणि आई हे पहिल्या वर्गाचे वारस. एकाच्या नावावर करताना बाकीच्यांची नाहरकत मागतात. भाऊ त्यात येत नाही, यजमानांची सही कुठेच लागणार नाही.

मांजलपूरकरीण: हे त्यांना मी कसं सांगू?

थोरला: तुम्ही सांगू नका. वहिनींना सांगू द्या, आणि गाडी वापरत राहा असंही त्यांनीच म्हणू द्या.

जुना_रावपुरा: पासचं काय केलंत?

मांजलपूरकरीण: जावेने अष्टमीचा एक घेतला. न्यायला कोण जाणार ते ठरलं नाही. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.