ग्रह ‘वाटोळा’ की ग्रहाचं वाटोळं?

निपाणीची ताई: विज्ञान प्रदर्शनाच्या तक्त्यावर मी लिहिलं, ‘ग्रह स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणानं वाटोळा होतो.’ वरिष्ठ सरांनी ‘वाटोळा’वर लाल काट मारली. म्हणे, पोरं ग्रहाचं वाटोळं झालं असं वाचतील! माझी आजी पुनवेच्या चंद्राला ‘वाटोळा गरगरीत’च म्हणायची. आता काय लिहू? ‘गोल’ तर बांगडीपण असते.

शहापूरकर: सर चुकले. वर्तुल, वट्टुल, वाटोळा, अशी सरळ वंशावळ आहे. नाशाचा अर्थ मागाहून चिकटलेला.

खानापुरी: कन्नडात वाटीला बट्टलु म्हणतात. वाटी, बट्टलु, वाटोळा, सगळं एकाच घरातलं बघा.

शहापूरकर: आलं कन्नड! आता चंद्रपण तिकडूनच आणा.

खानापुरी: आमच्या घरात दोन्ही भाषा एकाच ताटात जेवतात, त्याला काय करू?

चिकोडीचा मास्तर: वाटोळाही चूक, गोलही चूक. पृथ्वीची विषुववृत्ताशी त्रिज्या 6378 किमी, ध्रुवाशी 6357. ‘चपटा गोलाभ’ लिहा, म्हणजे ध्रुवांशी दबलेला गोल.

निपाणीची ताई: मास्तर, सहावीच्या पोरांना गोलाभ? वर्गातल्या 30 सेंमीच्या पृथ्वीगोलावर हा फरक 1 मिलिमीटर येतो. आमच्या गोलाला पॅसिफिकात पोचा पडलाय, तो याहून खोल आहे. शनी तेवढाच रुंद केला तर मात्र उंचीला जवळपास 3 सेंमी कमी भरेल. साडेदहा तासांत एक गिरकी घेतो तो, म्हणून. चपटा त्याला म्हणा.

शहापूरकर: चपटी भाकरी असते. ग्रह कमरेत फुगीर.

खानापुरी: हे पटलं. आमच्याकडं कुंभाराच्या चाकावर मडकं असंच पोटात सुटतं.

शहापूरकर: ते कुंभाराच्या आतल्या हातानं सुटतं हो, नुसत्या फिरण्यानं नव्हे.

वडगावची सून: आणि वाटोळे नसलेले? मंगळाचा चंद्र फोबोस लांबीला जेमतेम 27 किमी, त्याच्या गुरुत्वाला दगड वाकत नाही. शुद्ध बटाटा. शनीचा मायमस सुमारे 400 किमीचा, तो वाटोळा. नेपच्यूनचा प्रोटिअस त्याहून थोडा मोठाच, तरी वेडावाकडा. म्हणजे नुसत्या मापावर भागत नाही.

खानापुरी: वहिनी, बेळगावी बटाट्याला नावं ठेवू नका. ‘ओबडधोबड’ म्हणा.

चिकोडीचा मास्तर: ओबडधोबड पृष्ठभाग असतो, आकार नव्हे.

निपाणीची ताई: अहो, उद्या सकाळी तक्ता लावायचाय!

शहापूरकर: लावा हो. आधी त्या बट्टलुचं मिटू दे.